दोणीवरचा फेस

सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन पार्से येथील वडिलोपार्जित घरी राहावयास आलो, त्या पहिल्याच पावसाळ्यात मागील दारच्या दगडी दोणीवर, भिंतीला चिकटलेला साबणाच्या फेसासारखा एक गोळा दिसला. कुणाची तरी घाण समजून मी तो झाडूने खरवडून टाकला. आत पांढुरकी अंडी होती, हे फार उशिरा लक्षात आले.

तो संसार न्हाणीतल्या बेडकाचा होता. आमच्याकडे त्याला नुसते 'बेबो' म्हणतात. शास्त्रीय नाव पॉलिपेडेटिस मॅक्युलॅटस. दिवसा चुन्याच्या भिंतीवर तो असा बसतो की भिंतीचाच पोपडा वाटावा. रात्री वाशावर पाहावा तर तपकिरी. त्वचेच्या पेशींतील काळे रंगकण आकसले की तो फिका होतो, पसरले की गडद. इंग्रजांनी त्याला 'चुनम फ्रॉग' म्हटले, आपलाच चुना उसना घेऊन! पावसाळ्यात मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर वा भिंतीवर अंगचा चिकट स्राव पायांनी घुसळून फेस करते व त्यात काही शे अंडी घालते. वरचा फेस सुकतो, आतला ओला राहतो. काही दिवसांनी पिल्ले त्यातून सुटून खाली पाण्यात पडतात.

पुढच्या वर्षी फेस पुन्हा तिथेच आला. मधल्या काळात नातवाला डेंग्यू होऊन गेला होता. आरोग्यसेविका म्हणाली, "काका, दोण दर आठवड्याला रिकामी करायलाच हवी." तिचे बरोबरच होते. डास आठ-दहा दिवसांत उडू लागतो. बेडकाच्या पिल्लाची शेपूट जिरायला दीड-दोन महिने लागतात. असली परिपत्रके मीच आयुष्यभर पुढे पाठविली; त्यांत बेडकासाठी रकाना नव्हता. नातू म्हणाला, "आजोबा, ती डास खातील ना?" ती मुख्यत्वे शेवाळ खातात, हे त्याला सांगावे लागले.

अखेर पिल्ले चहाच्या गाळणीने बादलीत काढली, दोण घासली, विहिरीचे पाणी भरले, पिल्ले परत सोडली आणि वर जुनी मच्छरदाणी घट्ट बांधली. सूनबाई काही बोलली नाही. तापाच्या त्या रात्री तिनेच जागून काढल्या होत्या. पुढे जाळीला आतून चिकटलेले इवले बेडूक नातू रोज सकाळी केळीवर सोडू लागला.

चवथीपूर्वी घराला चुना काढला, तेव्हा न्हाणीच्या एका कोपऱ्याला कुंचला लागलेला नव्हता. मी विचारले, तर सूनबाई म्हणाली, "तिथं तो बसलाय."