आपल्याच माणसांत वही घेऊन

परक्याने प्रश्न विचारला तर लोक उत्तर देतात. घरच्याने विचारला तर हसून चहा पुढे करतात. सुरतेतील मराठी कुटुंबे मुलांच्या शाळेचे माध्यम कसे ठरवितात, याच्या नोंदी घेण्यासाठी गेल्या वर्षी आम्ही लिंबायत व उधना भागांत हिंडलो, तेव्हा हा अनुभव दारोदार आला. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून भुसावळच्या गाडीने आलेली, मागांवर राबलेली ही घरे. मराठी वर्ग ओस पडतात म्हणून सभांतून आम्ही याच पालकांना बोल लावीत आलो होतो.

लिंबायतमधील एका आजींनी आमचा प्रश्न ऐकून एवढेच म्हटले, "गुरुजी, तुमले ते समदं माहीत शे." आम्ही वहीत टिपले, 'आपणांस सर्व ठाऊक आहे.' रात्री ते वाचताना चमकलो. आजींची अहिराणी आमच्या हातून नकळत शुद्ध झाली होती!

इरावती कर्वे (१९०५–१९७०) पंढरीच्या वारीत चालल्या, त्या अभ्यासक म्हणून आणि वाटसरू म्हणूनही. एकाच विठ्ठलाचे नाव घेणाऱ्यांच्या पंगती जातींप्रमाणे वेगळ्या बसत, हे त्यांना सलले. त्या दुसऱ्या पंगतीतही जेवल्या, तेव्हा तेथील बायका त्यांच्याशी अधिक मोकळ्या झाल्या. आपल्या माणसांतही उंबरठा असतो. तो आधी आपणच ओलांडावा लागतो.

आम्ही पुन्हा गेलो. वही पिशवीतच ठेवली आणि म्हटले, "आजी, आम्हांला खरोखरच ठाऊक नाही. सांगा." मग कळले. त्यांची लेक मराठी शाळेत 'शे' म्हणाली की वर्ग हसे आणि गुरुजी तेच वाक्य सुधारून पुन्हा म्हणावयास लावीत. पुढे ती वर्गात बोलेनाशीच झाली. म्हणून नातू गुजराती शाळेत गेला. तेथे मराठी चुकण्याची भीतीच नव्हती.

आम्ही मान खाली घातली. वाक्ये सुधारण्यातच आमचीही नोकरी सरत आली आहे.

हे लिहावे का, असे विचारले. आजी म्हणाल्या, लेकीचे नाव नको, बाकी लिहा. वहीतील आमचे वाक्य आम्ही खोडले नाही. त्याखाली त्यांचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. आता वर्गात कोणी 'शे' म्हणाले, की आम्ही आधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतो.