उन्हात चढणारा सूर

अकोल्याच्या उन्हाची ओळख मला कानानं झाली. मूर्तिजापूरकडचं गाव, वैशाख, पारा 45 ला टेकलेला. ओसरीवर मामांचं भजनी मंडळ बसलेलं. सकाळी जुळवलेली एकतारी दुपारी बेसूर! बासरीशी तिचं काही केल्या पटेना.

"तार उन्हानं ढिली पडते बाप्पा, अन् बासरी उन्हानं चढते. मंग दोघायचं जमन कसं?" मामा म्हणाले आणि खुंटी पिळू लागले. जपून, कारण तार मोठी मानी. लांबी निम्मी केली की वरचा षड्ज आपसूक येतो. ताणाच्या जोरावर तोच हवा असेल तर ताण चौपट करावा लागतो. तेवढं पिळेपर्यंत तार तुटलेली असते.

पोलाद तापून किंचित लांबतं, ताण सुटतो, सूर उतरतो. एवढं तेव्हाही समजलं. बासरीचं कोडं पुढे उलगडलं. बांबू जवळजवळ तेवढाच राहतो, बदलते ती पोटातली हवा. शून्य अंशाला आवाज सेकंदाला 331 मीटर धावतो, मग दर अंशाला साधारण 0.6 मीटर अधिक. नळी तेवढीच, हेलपाटे जास्त, म्हणून सूर वर. एकदा हिशेब मांडला: पौषातली 10 अंशांची पहाट आणि वैशाखातली 45 अंशांची दुपार. फरक निघाला जवळजवळ नेमका अर्ध्या स्वराचा! पांढरी एकची बासरी काळी एकला पोचली. वाजवणाऱ्याची फुंकर मुळातच उबदार, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी. पण कानाला तेवढाही पुरतो.

खंजिरी बासरीच्याच पक्षातली. मोझरीच्या तुकडोजी महाराजांमुळे आमच्याकडे घरोघरी पोचलेली. पावसाळ्यात तिचं चामडं ओल धरतं, विस्तवावर शेकावं लागतं. वैशाखात ते काम ऊनच करतं. पेटीला ना खुंटी, ना तापणारी नळी. तिचा सूर फारसा हलत नाही. त्या दुपारी ती बंदच राहिली. बासरीला खुंटी नाही, ओठ वळवून सूर खाली आणायचा तो कितीसा? तेव्हा मामांनी एकतारीच चढवली, आणि गाणाऱ्यांचे गळे ताणले गेले.

ती एकतारी आता अमरावतीला माझ्याकडे आहे. कूलर लावला की तिचा सूर चढतो, बंद केला की उतरतो. खुंटीला हात लावण्याआधी मी खिडकीबाहेरचं ऊन बघून घेतो.