ढोल किती हातांवर ठेवावा?

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्यासाठी कोणती साधने घ्यावीत, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचा आहे असे कोणी मानत नाही. तो वाद्यवृंदवाल्यांचा, फार तर मोबाइलच्या दुकानातल्या पोराचा. आम्हां दोघांनाही तो आपला वाटला नसता. पण आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात तीस हजार रुपयांचा हिशेब कागदावर मांडून आमच्याकडे आला आणि तेव्हापासून विभागातला आमचा बराचसा मोकळा वेळ माइक, वायरी आणि गोधड्या यांच्या चर्चेत गेला. त्या चर्चेतून जे हाती लागले ते वर्गात संहिताचिकित्सा शिकवताना आम्हांला उपयोगी पडू लागले, म्हणून हे टिपण.

लोणखेडा हे शहाद्याला लागूनच असलेले गाव. धडगाव, तळोदा, अक्कलकुवा या भागांतून मुले इकडे शिकायला येतात, खोली करून राहतात आणि पदवीनंतरही पुष्कळदा इथेच रेंगाळतात. हा विद्यार्थी त्यांपैकीच एक. लग्नसराईत तो एका पार्टीबरोबर कीबोर्ड वाजवतो. वडील ढोल वाजवतात. आजी गाते, आणि तिच्याबरोबर पाड्यातल्या आणखी सात-आठ बाया. आजीचे एक गाणे त्याने दोन वर्षांपूर्वी एका स्टुडिओत मुद्रित करून घेतले होते. तिथे आजीला काचेच्या खोलीत एकटीला उभे केले, कानांवर हेडफोन चढवले, ढोलाच्या जागी कीबोर्डातला तयार ठेका लावला आणि पाऊण तास चालणारे गाणे चार मिनिटांत बसवले. आजीने ते ऐकले आणि हे कोण गाते आहे असे विचारले. नातवाला हा प्रसंग विनोदी वाटत नाही, आम्हांलाही नाही. त्यानंतर त्याने ठरवले की साधने आपलीच घ्यायची.

त्याच्या कागदावर जी यादी होती तीच आज सगळीकडे सांगितली जाते: एक कंडेन्सर माइक, एक साउंड कार्ड, हेडफोन, माइकपुढे लावायची जाळी आणि भिंतींना चिकटवायचा फोम. यादी चुकीची नाही. मात्र ती एका विशिष्ट गाण्यासाठी केलेली आहे. गाणारा एक, खोली बंद, वीज अखंड आणि बाकीची वाद्ये नंतर एकेक करून वर चढवायची, हे सगळे त्या यादीत न सांगता गृहीत धरलेले असते. कंडेन्सर माइकचा पडदा अतिशय हलका असतो. तो श्वाससुद्धा टिपतो आणि म्हणूनच पत्र्यावरचा पाऊस, रस्त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर आणि शेजारच्या इन्व्हर्टरची गुणगुणही तितक्याच निष्ठेने टिपतो. त्याला साउंड कार्डातून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. साउंड कार्डाला लॅपटॉप लागतो, लॅपटॉपला पंखा असतो आणि तो पंखाही मुद्रित होतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत छताचा पंखा बंद ठेवून कोणी पाऊण तास गाऊन दाखवावे, मग यादीची चर्चा करावी.

फोमविषयी एक अवांतर. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला लावले की आवाज शोषला जातो, ही समजूत आमच्या भागात फार घट्ट आहे. त्या ट्रेने जवळजवळ काहीही होत नाही. त्यापेक्षा दोरीवर भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगलेल्या जाड गोधड्या पुष्कळ चांगल्या, आणि खोलीच्या कोपऱ्यांत उभ्या केलेल्या कापसाच्या गाद्या त्याहून चांगल्या. कापूस पिकवणाऱ्या तालुक्याने शहरातून फोम मागवावा, हे आम्हांला पटले नाही. अर्थात गोधडीने माणसाच्या आवाजाचा घुमारा कमी होतो, ढोलाचा नाही. ढोलाचा खालचा नाद गोधडीला जुमानत नाही.

इथे खरा प्रश्न सुरू झाला. ढोलाजवळ माइक ठेवला तर बायांचे शब्द बुडतात, बायांजवळ ठेवला तरी ढोल तिथपर्यंत येतोच. मोबाइलवर मुद्रण केले की आणखी एक गंमत होते. मोबाइल आवाजाची पातळी आपल्या मनाने कमीजास्त करतो. ढोलावर टिपरू पडले की तो सगळाच आवाज खाली ओढतो, दोन ठोक्यांच्या मधे पुन्हा वर आणतो. ऐकताना असे वाटते की बाया लाटांवर बसून गात आहेत. व्हॉट्सअॅपवर पाठवताना त्याचा आणखी एकदा संक्षेप होतो.

आमच्यापैकी एकीचे मत असे होते की शब्द आधी. ढोल थांबवून आजीकडून गाणे स्वच्छ म्हणवून घ्यावे, शब्द, उच्चार, क्रियापदांची रूपे नीट ऐकू येतील असे. ढोल मग वेगळा घ्यावा. दुसऱ्याचे म्हणणे, ढोलाशिवाय ते गाणे उरतच नाही. हा वाद आम्ही आठवडाभर घातला आणि त्याचा निकाल आजीने लावला. ढोल नसेल तर पुढची ओळ आठवत नाही, असे तिने नातवामार्फत कळवले. तिने ढोलाशिवाय सांगून पाहिले तेव्हा गाण्याचा सारांश आला, गाणे आले नाही.

मौखिक वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात भिल्ली बोली आणि खानदेशी यांचे नमुने आहेत, आणि आजही आम्ही ते वापरतो. पण ते कागदावरचे नमुने. याच सर्वेक्षणासाठी पुढे १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्याही केल्या गेल्या. त्यांत मुख्यतः बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे भाषांतर वाचून घेतलेले असे. तुलनेसाठी ते सोयीचे होते, पण बोलणाऱ्याला जे सांगायचे होते ते त्यात यायला जागा थोडीच होती. बहिणाबाईंची गाणी आपल्याला मिळाली ती सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवली म्हणून. ती १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर, अत्र्यांच्या पुढाकाराने छापली गेली. पुढे 'मानिनी' (१९६१) या चित्रपटातून त्यांतल्या काही गाण्यांना वसंत पवारांच्या चाली मिळाल्या. आमच्या वर्गात खानदेशातलीच मुले त्या कविता चित्रपटाच्या चालीत म्हणतात. चाली गोड आहेत, तक्रार नाही. पण जात्यावर बसलेल्या बाईचा श्वास कुठे तुटत होता आणि ओळ तिथेच का मोडली, हे विचारायला आता जागा उरलेली नाही.

याच्या उलट उदाहरण हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्यासारखा ध्वनिशास्त्र जाणणारा सहकारी लाभल्यामुळे त्यांतल्या पुष्कळ ओव्या आवाजासह राहिल्या. २०१७ पासून 'पारी'ने त्या टप्प्याटप्प्याने लोकांपुढे आणल्या. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आधी छापील ओवी वाचायला देतो, मग ती ऐकवतो. छापताना दोन ओळींची दिसणारी ओवी गाताना किती वेळा मागे फिरते, एखादा शब्द किती वेळा नव्याने उचलला जातो, हे त्यांना तेव्हाच कळते.

ढोलाचा प्रश्न मात्र आम्हांला सोडवायचा होता आणि त्याचे उत्तर साधनांच्या नव्या याद्यांऐवजी ग्रामोफोनच्या पहिल्या पिढीत सापडले. १९०२ साली गैसबर्ग कोलकात्यात आला आणि गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा विजेवर चालणारा माइक नव्हताच. तो १९२५च्या सुमारास आला. त्याआधी गाणारा कर्ण्यासमोर तोंड करून गाई आणि साथीची वाद्ये किती दूर बसवायची यावरच सगळा तोल ठरे. मुद्रणकाराच्या हातात एकच चावी होती: अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे बाया माइकपासून दोन हातांवर आणि ढोल आठ हातांवर ठेवला, तर ढोल १२ डेसिबलने खाली येतो. पैसे काही लागत नाहीत.

यातली मेख 'मोकळ्या जागेत' या शब्दांत आहे. पत्र्याच्या खोलीत हा हिशेब चालत नाही. तिथे ढोलाचा नाद भिंतींवरून आणि छतावरून परत येऊन पुन्हा माइकवरच आदळतो. नातवाने भाड्याच्या खोलीत करून पाहिले. ढोल दाराबाहेर नेला तरी तो खोलीतच होता. अंगणात करून पाहिले, पहाटे साडेपाचला, ट्रॅक्टर सुरू होण्याआधी. पहिल्याच वेळी शब्द आणि ढोल दोन्ही वेगवेगळे ऐकू आले. घरच्या ध्वनिमुद्रणात 'घर' म्हणजे खोली असे त्या यादीने आम्हांला शिकवले होते. या घरातले गाणे अंगणातले निघाले, आणि अंगणासाठी लागणारी साधने वेगळी.

मग यादी बदलली. साउंड कार्ड आणि कंडेन्सर माइक गेले. त्यांच्या जागी हातात मावणारा, पेन्सिल सेलवर चालणारा रेकॉर्डर आला. झूम किंवा टॅस्कॅम या कंपन्यांचे असे रेकॉर्डर गेली पंधरा-वीस वर्षे क्षेत्रकार्य करणारे वापरत आले आहेत. नव्या काही रेकॉर्डरांत ३२-बिट फ्लोट नावाची सोय आहे. ढोल अचानक जोरात वाजला तरी फाइल फाटत नाही, पातळी मागाहून खाली आणता येते. माइकचा पडदाच हादरला तर मात्र ही सोयही काही करू शकत नाही, तेव्हा अंतराला पर्याय नाहीच. खर्च येतो तो जागेचा: अशा मुद्रणाला ४८ किलोहर्ट्झवर तासाला साधारण १.४ जीबी लागतात. मेमरी कार्डे आता स्वस्त आहेत.

आम्हांला सर्वांत मोलाचे वाटले ते त्या रेकॉर्डरच्या डोक्यावरचे दोन आडवे-तिडवे माइक. बाया दोन गटांत उभ्या राहतात. एक गट ओळ टाकतो, दुसरा उचलतो. आजी मान वळवून समोरच्या गटाकडे ओळ सोपवते. एकाच दिशेने ऐकणारा माइक तिच्यापुढे ठेवला तर नेमक्या त्या क्षणी तिचा आवाज निसटतो. दोन माइकांत मात्र डावा गट डावीकडे, उजवा उजवीकडे राहतो आणि कोण कोणाला उत्तर देते आहे हे नुसते ऐकून कळते. लिहून काढताना ही माहिती आम्हांला शब्दांइतकीच लागते. प्रश्न कोणाचा आणि उत्तर कोणाचे हे ठाऊक नसेल, तर आपण संवादाला एकाच कवीची कविता समजून बसतो. लोकगीतांच्या पुष्कळ संग्रहांत तसे झालेले आहे.

या सगळ्यावर विद्यार्थ्याने एक रास्त हरकत घेतली. "सर, मॅडम, हे तुम्हांला अभ्यासाला चालेल. पण लग्नात हे पाऊण तासाचे गाणे कोण लावणार?" आम्ही नोकरदार माणसे. त्याचे पोट पार्टीवर आहे. लग्नांत टिमली वाजते, मोबाइलवर तिचे ऐकणारे आहेत, आणि कीबोर्डवरच्या गाण्याला नाक मुरडण्याचा अधिकार निदान आम्हांला नाही. त्याच्या आजीच्या गाण्यालाही कोणे एके काळी कोणी नवे म्हटले असेल. तबकडीच्या तीन मिनिटांत राग बसवताना गवयांनीही काटछाट केलीच होती. तेव्हा तोड निघाली ती अशी: निवडलेला रेकॉर्डर वायरीने लॅपटॉपला जोडला की साउंड कार्डाचेही काम करतो. कीबोर्ड त्यातून थेट घेता येतो. एक साधा डायनॅमिक माइक, स्टेजवर असतो तसा, वेगळा घेतला, कारण खोलीत एकट्याचा आवाज घेताना तो आजूबाजूचे फार ऐकत नाही. आमची अट एकच होती, की आधी अंगणातले अखंड गाणे, मग त्यातून हवे ते कापावे. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची प्रत छापली, तिच्या जुनेपणाविषयी अजून वाद होतो. वाद होऊ शकतो, कारण इतरही प्रती शिल्लक आहेत. चार मिनिटांचे गाणे तेवढे उरले आणि मागे प्रतच नसली, तर वाद कशावर घालायचा?

प्रतींची व्यवस्था त्यानेच लावली: एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि तिसरी पाड्यावर, वडिलांच्या पेटीत. पाड्यावरच्या प्रतीचा आग्रह आजीचा. फाइलच्या नावात दिवस, जागा आणि गाणाऱ्या सर्व बायांची नावे घालायची असेही ठरले, नुसते 'पारंपरिक' असे लिहायचे नाही. पारंपरिक म्हटलेले गाणे उद्या कोणी आपल्या नावावर चढवले, तर मूळ घरालाच ते यूट्यूबवर टाकताना हक्काच्या दाव्याला तोंड द्यावे लागते.

तीस हजारांपैकी काही रक्कम उरली. तिच्यातून कान पूर्ण झाकणारे हेडफोन, एक तिपाई आणि रेकॉर्डरला घालायची केसाळ टोपी घेतली. टोपी चैनीची वस्तू वाटते, पण सातपुड्यातला वारा नुसत्या फोमला ऐकत नाही. अंगणातली तीन गाणी आतापर्यंत झाली. चौथे आजी म्हणायला तयार नाही. ते होळीचे आहे, होळीलाच म्हणतात, आणि ते रात्रभर चालते. नातवाने सेलचे आणखी चार जोड आणून ठेवले आहेत. त्या रात्री ढोल एक नसतील, वीस-पंचवीस असतील, आणि ते नाचत फिरत असतील. त्यांना आठ हातांवर कसे ठेवायचे, यावर आमच्या विभागात सध्या चर्चा चालू आहे.