दोन हजेऱ्या

सोलापुरात वाढलेल्या माणसाला ‘सेटलमेंट’ हा शब्द इंग्रजी वाटत नाही. तो एका वस्तीचा पत्ता असतो. रिक्षावाल्याला सांगावा, पाकिटावर लिहावा, इतका सरावाचा. त्याला जोडूनच ‘फ्री कॉलनी’ हे नाव येते. यातील ‘फ्री’ म्हणजे कुंपणातून मोकळे केलेल्यांची, हे मला उमगले तेव्हा मी महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो होतो.

आमच्या घरात या इतिहासाची आठवण दुसऱ्याच वाटेने आली होती. लग्नापूर्वी आज्जी उमेदपूरच्या शाळेत शिकवायची. १८१३ पासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरात चर्चच्या जोडीने शाळा काढल्या, मुलांसाठी बालवाडी चालवली. उमेदपूर ही त्याच मिशनकडे सोपवलेली वसाहत. सकाळी पोरांची हजेरी घेताना कोण कसे ओरडून ‘हजर’ म्हणे, याच्या नकला आज्जी करून दाखवी. सेवा या शब्दाचा अर्थ मी तिच्या त्या गोष्टींतून शिकलो.

एके वर्षी वर्गात लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ शिकवत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, ‘‘सर, माझी पणजी अक्षरं उमेदपुरातच शिकली. आणि तिच्या आईबापांना रोजची हजेरीही तिथंच द्यावी लागायची.’’

एकाच आवारात दोन हजेऱ्या होत्या. एक शाळेची, दुसरी कायद्याची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापुरात कैकाडी, टकारी, पारधी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड आणली गेली. मोठी माणसे गिरणीत कामाला जात. पण परवानगीवाचून परगावी जाणे हाही गुन्हाच होता.

आज्जीच्या गोष्टींत हे कुंपण कधी आले नाही. ती काही लपवत होती, असे मला वाटत नाही. ती ज्या फाटकातून आत जात असे, ते तिच्यापुरते संध्याकाळी पुन्हा उघडत असे, एवढेच.

पुढे आमच्या मंडळीने स्मरणिका काढायचे ठरवले आणि सामाजिक कार्यावरचा लेख माझ्याकडे आला. मी दोन्ही हजेऱ्यांविषयी लिहिले. एका वडीलधाऱ्या सभासदाने हळुवारपणे विचारले, ‘‘सेवेच्या लेखात कुंपण कशाला?’’ प्रश्न प्रामाणिक होता. ज्यांना गावात कोणी उभे करत नव्हते, त्यांच्या पोरांना मांडीवर घेणारी माणसे चर्चमधूनच आली होती. ते खोटे ठरवण्याचा मला अधिकार नाही. परंतु चर्चला ती पोरे सापडली ती सरकारने त्यांना तिथे कोंडल्यामुळे, हेही तितकेच खरे. कुंपण गाळले तर शाळेचे मोलही कळत नाही आणि तिची मर्यादाही. साहित्याचे आपण अभ्यासक आत्मकथनातील गाळलेल्या जागा कौतुकाने शोधतो. स्वतःच्या घरातील गाळलेली जागा दिसली की मात्र आपल्याला संदर्भ, काळ, परिस्थिती असे सगळे आठवू लागते. मलाही आठवले.

लेख देण्यापूर्वी मी तो त्या विद्यार्थिनीला वाचायला दिला. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभर रद्द झाला, इथपर्यंतचा मजकूर तिने शांतपणे वाचला. आज्जीच्या नकलांपाशी ती हसलीही. मग पेन मागून तिने एकच शब्द बदलला. ‘ही कुटुंबे वसाहतीत राहत होती’ असे मी लिहिले होते. ‘राहत’ खोडून तिने ‘ठेवली’ असे केले.

तीस वर्षे व्याकरण शिकवूनही कर्तरी आणि कर्मणी प्रयोगातले हे अंतर माझ्या ध्यानात आले नव्हते. स्मरणिकेत तो लेख तिच्या दुरुस्तीसह छापला गेला. वडीलधाऱ्या सभासदाने वाचून काही म्हटले नाही. पुढच्या रविवारी उपासनेनंतर त्यांनी फक्त विचारले, ‘‘त्या मुलीच्या पणजीचं नाव काय होतं?’’