कौले तीच, कैच्या नव्या

घाटाखालच्या आमच्या दुकान-घराचे वासे वाळवीने पोखरले, तेव्हा घरात दोन मते झाली. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, स्लॅबच टाकू." आईंना मात्र कौलेच हवी होती. पुन्हा लाकूड घालावे, तर वाळवी मारण्याची औषधे आली. तो जीवसंहार त्यांना मान्य नव्हता. अखेर लोखंडी कैच्यांवर एकमत झाले.

एक मंगलोरी कौल २ ते २.५ किलोंचे असते. चौरस मीटरला सुमारे १५ लागतात. एवढा भार पेलायचा आणि वादळातही छप्पर उचलले जाऊ नये, म्हणून मिस्त्रींनी कैच्या भिंतींवरील काँक्रीटच्या तुळईत बोल्टांनी आवळल्या. वेल्डिंगच्या सांध्यांना गंजरोधक रंग दिला. रिपांचे अंतर आमचीच जुनी कौले मांडून ठरविले. अंतर चुकले की खाचा बसत नाहीत आणि पाणी आत येते.

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्याच घडणीची ही कौले आजोबांनी आणली होती. बहुतेक पुन्हा चढली. राखायचे काय आणि बदलायचे काय, हा हिशेब आम्ही पेढीवर रोज करतो. घराचा तो आईंनी आमच्याआधीच मांडला होता.