पायपेटीचं लाकूड

महाड-पोलादपूरकडे पियानो रुजला नाही, पेटी रुजली. हरिपाठाला, भजनाला, गणपतीच्या आरत्यांना हातपेटी. नाटकाला आणि हौशी बैठकीला पायपेटी, क्वचित ऑर्गन. यातलं जे जातंय त्याची ही नोंद.

ऑर्गनचं अंग. बोस्टनचे मेसन अँड हॅम्लिन, व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोचे एस्टी. दोघांनी आधी ऑर्गन केले, पियानोकडे ते मागाहून वळले. तरी व्हिक्टोरियन पियानोचा सगळा साज त्यांच्या ऑर्गनवरही दिसतो: अक्रोडाचं लाकूड, कोरीव कमानी, जाळीची फळी, जाळीमागे ताणलेलं कापड. ऑर्गनचा भाता हवा आत ओढतो, पेटीचा बाहेर ढकलतो. ऑर्गनचा आवाज गोल लागतो तो त्यामुळे. बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन होता.

पायटे. भाता पायानं हलवायच्या दोन फळ्या, वर गालिच्याचा तुकडा ठोकलेला. वाजवणाऱ्याच्या टाचेखाली तो आधी झिजतो.

हातपेटी. पॅरिसच्या दबँनं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते पायानं वाजवायच्या वाद्याचं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पुढे भाता पाठीमागे आणला, पाय काढून टाकले आणि वाद्य जमिनीवर मांडी घालून बसलं. आकाशवाणीनं १९४० पासून तीसएक वर्षं पेटीला दार बंद ठेवलं. देवळातल्या पेटीला त्याची खबरही नव्हती.

सूर. पितळेच्या पट्टीवर एका टोकाला रिव्हेटनं बसवलेली पितळेचीच जीभ. टोकाशी कानस लावली की स्वर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. खर्ज, नर, मादी अशा त्यांच्या रांगा. जुने जर्मन आणि पॅरिसचे सूर अजून मागितले जातात, म्हणून जुनी पेटी विकत घेणारा आधी ती उघडतो. सूर निघतात आणि नव्या पेटीत जाऊन पुन्हा वाजतात. चांगलंच आहे ते. पण उरलेलं खोकं, म्हणजे कोरलेले पाय, जाळी, हस्तिदंती पट्ट्या, सोनेरी अक्षरांतलं कारखान्याचं नाव, याला गिऱ्हाईक नसतं. ते माळ्यावर जातं, नाहीतर बंबात. मला खरी हळहळ या लाकडाची वाटते. सुराला दुसरं घर मिळतं, घडवणाऱ्याचं नाव मात्र लाकडावरच राहिलेलं असतं.

सरस. जुनं लाकूड यानंच जोडलेलं, आणि सरस पाण्यात सुटतो. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तसल्या पुरात पेटी सापडली तर पितळेचे सूर धुऊन-पुसून बोलते करता येतात. लाकडाचं तसं नाही. वरचा अक्रोडाचा पातळ पापुद्रा फुगून उठतो, सांधे आपोआप उघडतात, भात्याचं कातडं वाळताना आखडतं आणि घड्यांवर चिरतं. चिखल काढणाऱ्या माणसाला ते फळकुटांचं गाठोडं दिसतं. त्याला दोष देता येत नाही.

दुरुस्ती. सरस, कातडं, कानस आणि जाणता कान हे चारही एका हातात असणारे कारागीर आता शोधावे लागतात. पेटी पुण्या-मुंबईला न्यायची तर गाडीभाडं आलं. त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड स्वस्त पडतो, आणि मंडळं तोच घेतात.

पेटी मोडायचीच असेल तर आधी तिचे फोटो काढावेत, चारी बाजूंनी. लाकडावरचं कारखान्याचं नाव, गाव आणि आतल्या फळीवर आकडा असेल तर तोही वहीत उतरवावा.