नाडींतील गणित

"गणित शिकून पुढें उपयोग काय?" हा प्रश्न वर्गांतील पुष्कळांप्रमाणें मींही अनेक वेळां विचारिला आहे. त्याचें उत्तर गेल्या वर्षीं मला शाळेबाहेर मिळालें.

आमचे आजोबा रोज सायंकाळीं कल्याण स्टेशनाचा पूल ओलांडून फिरावयास जात. घरीं बसले असतां त्यांस कांहींच होत नसे. परंतु पूल चढतांना छातींत दाटून येई. "वय झालें," असें म्हणून ते हंसत. अखेर बाबांनीं त्यांस ठाण्यास एका डॉक्टरांकडे नेलें; मीही बरोबर होतों. हृदयाच्या धमनीचें चित्र दाखवून डॉक्टर म्हणाले, "येथें ही नळी निम्मी अरुंद झाली आहे."

"म्हणजे रक्त निम्मेंच जातें?" मीं विचारिलें.

"बाळ, दोनाचा चौथा घात किती?"

"सोळा."

"मग हिशेब तूंच कर."

प्वाझय नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८४० च्या सुमारास कांचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून हा नियम काढिला. दाब व लांबी तीच राहून त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. जिवंत धमनी कांहीं कांचेची नळी नव्हे. तिच्या पुढील बारीक वाहिन्या रुंद होऊन तूट भरून काढितात. म्हणूनच विश्रांतींत आजोबांस त्रास नसे. पुलावर मात्र हृदयाची गरज वाढे व ती सोय अपुरी पडे.

त्या रात्रीं मीं स्वतःची नाडी मोजली : मिनिटास ७२ ठोके. प्रौढ मनुष्याचें हृदय दर ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त ढकलतें. म्हणजे मिनिटास ५ लिटर, तासास ३०० लिटर! शरीरांत रक्त तर सारें ५ लिटरच. अर्थात् तेंच रक्त फिरून येत असलें पाहिजे. विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडिला, तेव्हां असाच साधा गुणाकार त्याच्या हातीं होता.

हें कार्य आपल्यापासून फार दूर नाहीं. पवईच्या आय. आय. टी.मध्यें २०१४ सालीं स्थापन झालेल्या 'बेटिक' केंद्रांत अभियंते व डॉक्टर एकत्र बसून रुग्णांसाठीं उपकरणें घडवीत आले आहेत.

आजोबांच्या धमनींत स्टेंट नांवाची जाळीदार नळी बसविली. आतां ते पुन्हा पूल चढतात, सावकाश. "वय झालें" ह्या दोन शब्दांआड जें लपलें होतें, तें अंकांनीं उघड केलें. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या घरचें वडील माणूस असें म्हणून हंसलें, तर आपण त्यावर विसंबूं नये. वेळींच डॉक्टरांकडे न्यावें.